सहाव्या जागेवरचा आवाज

आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये महिन्यातून एकदा आवाज ऐकायचा दिवस असे. तेव्हा फोन आपोआप लागत नसत. कोणीही फोन उचलला की त्याला आधी आम्ही भेटायचो. आम्ही म्हणजे बोर्डासमोर ओळीने बसलेल्या मुली, डोक्यावर हेडफोन आणि हातात वायरचा प्लग. गिऱ्हाइकाने नंबर सांगायचा, आम्ही त्या नंबरच्या भोकात प्लग खुपसायचा, की लागला फोन. माझ्या नातीला हे सांगितलं की ती एकच विचारते, "म्हणजे तुम्ही सगळ्यांचं बोलणं ऐकायचात?" तिला त्यातलं तेवढंच महत्त्वाचं वाटतं. लोकांचं ऐकायला आम्हाला फुरसत कुठली? आम्ही ऐकायचो ते एकमेकींचं, आणि तेही सक्तीने.

ती सक्ती बाईंची. बाई म्हणजे आमच्या मुख्य. वय पन्नाशीच्या पुढे, केस घट्ट बांधलेले, चपला न वाजवता बोर्डामागून चालायची सवय. त्या पाठीशी उभ्या आहेत हे पाठीलाच कळायचं. कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. कोणाला झुकतं माप नाही आणि कोणावर डूख नाही. मला त्या शिडी म्हणायच्या, कारण माझा हात वरच्या फळीला सहज पोचायचा. त्याच कारणाने टेपची रिळं काढणं, लावणं, परत ठेवणं हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

यंत्रखोलीतला मिस्त्री महिनाभरात मधूनमधून कुठल्याही जागेचं बोलणं टेप करायचा. कधी आणि कोणाचं, ते आम्हाला कळत नसे. रिळावर नाव नसे, फक्त जागेचा नंबर आणि तारीख, आणि तेही आम्हाला वाचून दाखवायचं नाही असा नियम होता. आवाज ऐकायच्या दिवशी ज्यांची पाळी नसेल त्या सगळ्या मागच्या खोलीत जमायच्या. मी टेप लावायची. मग एकेकीने सांगायचं, ही कशी बोलली. घाईत होती का, वैतागली होती का, समोरच्या माणसाचं काम झालं का. आवाज कोणाचा ते ओळखलं तरी नाव घ्यायचं नाही. तिच्याकडे मान वळवून बघायचंही नाही. सगळ्यांनी "ती" म्हणायचं, आणि जिचा आवाज असेल तिनेही स्वतःला "ती"च म्हणायचं.

हा नियम बाईंनी काढला होता. तोंडावर बोललं की मुली रडतात, पाठीमागे बोललं की भांडतात, म्हणून हा तिसरा रस्ता, असं त्या म्हणायच्या. आणि नियम खरंच चांगला होता. समोर बसलेल्या मैत्रिणीबद्दल "ती जरा तुसडी बोलली" असं शांतपणे म्हणता यायचं, आणि ती मैत्रीणही मान हलवून म्हणायची, "हो ना, तिने असं बोलायला नको होतं." बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर आम्हाला वेड लागलंय असंच वाटलं असतं.

नव्या मुलींची मात्र गंमत व्हायची. त्यांना स्वतःचा आवाज ओळखूच यायचा नाही. तेव्हा टेपरेकॉर्डर घरोघरी नव्हते. माणूस जन्मभर बोलायचा आणि आपला आवाज बाहेरून कसा येतो हे न ऐकता मरायचा. एक गोबऱ्या गालांची मुलगी स्वतःचीच टेप ऐकून म्हणाली, ही बया नाकात बोलते, हिला कोणी वाफ घ्यायला का सांगत नाही? आम्ही ओठ चावून बसलो होतो. संध्याकाळी कधीतरी तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मग दोन दिवस ती कोणाशीच बोलेना.

माझंही तेच झालं होतं. मला वाटायचं मी आईसारखी बोलते, मऊ, सावकाश. टेपमधून आली ती माझी आत्या. आणि आत्याचं नि माझं कधी पटलं नव्हतं. मिस्त्री समजावायचा की आपला आवाज आपल्याला कानांनी कमी आणि डोक्याच्या हाडांतून जास्त ऐकू येतो, त्यात काही विशेष नाही. ते खरं असेल. पण मला तेव्हाही वाटायचं की नुसत्या हाडांची गोष्ट नाही. आपण बोलतो तेव्हा आपल्याला काय म्हणायचंय ते आधीच माहीत असतं. आपण तेच ऐकतो. दुसऱ्याला बिचाऱ्याला फक्त आवाज मिळतो.

बाईंची टेप कधीच झाली नव्हती. त्यांची जागाच बोर्डावर नव्हती ना. एखादीला उठावं लागलं तर मात्र त्या पटकन तिच्या खुर्चीत बसायच्या, हेडफोन चढवायच्या, चार फोन लावून द्यायच्या आणि ती परत आली की उठून पुढे जायच्या. जाता जाता दुसरीच्या भाजीत डाव फिरवावा तसं. त्यांच्या ते लक्षातही राहत नसे.

तर त्या महिन्यात मी जे रीळ लावलं त्यात एका म्हाताऱ्याचा फोन होता. त्याला इस्पितळात फोन लावायचा होता. नंबर कागदावर होता आणि कागद सापडत नव्हता. "जरा थांबा हं ताई, इथंच ठेवला होता," तो म्हणत होता. मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. त्याचा श्वास ऐकू येत होता. इतक्यात आमच्या बाजूचा आवाज आला: "नंबर हातात घेऊन फोन करत जा. लाइन सोडते आहे." आणि खट्.

शब्द काही वाईट नव्हते. बोर्ड भरलेला असला तर लाइन सोडावीच लागे, आणि हे वाक्य तर आम्हाला शिकवलेलंच होतं. पण ते आलं होतं ती तऱ्हा वाईट होती. एखाद्याच्या तोंडावर दार लावावं तसं ते होतं.

आणि तो आवाज बाईंचा होता.

आम्ही सगळ्यांनी तो पहिल्या शब्दाला ओळखला. वर्षानुवर्षं ज्या आवाजाने आमची पाठ ताठ झाली, तो ओळखायला काय वेळ लागणार? आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही, नियमच होता. मी टेप बंद करून रिळाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बाई स्वतःच हसतील आणि म्हणतील, या वेळी पकडली गेले गं.

बाई म्हणाल्या, "परत लाव."

मी परत लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. आणि मग त्या बोलायला लागल्या. आवाजावरून माणूस ओळखणं हे त्यांच्या हातचं होतं. त्या म्हणाल्या, ही मुलगी नवी नाही, हिला काम येतं, किंबहुना जास्तच येतं. म्हणून हिला वाटतं, समोरचा काय बोलणार ते आपल्याला आधीच कळलंय. ही ऐकत नाही, वाट बघते, आणि वाट बघायचाही हिला कंटाळा आलाय. दमलेली आहे, पण दमले म्हणायचं नाही. हिच्याशी घरी कोणी बोलत नसावं. असलं तर हिचं कोणी ऐकून घेत नसावं, म्हणून हीसुद्धा कोणाचं ऐकून घेत नाही. ज्या मुलीचा हा आवाज असेल तिला बोर्डापासून लांब, शिकाऊ खोलीत बसावं लागेल.

आम्ही खाली माना घालून ऐकत होतो. बाई एकट्या राहायच्या. भाऊ दूरच्या गावी होता, वर्षातून एकदा यायचा. त्या बोलत होत्या त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. त्या मुलीबद्दल त्यांना सगळं कळलं होतं. एवढंच कळलं नव्हतं की ती खोलीतल्या कोणत्या खुर्चीवर बसलेली आहे.

मग त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. मला जागेचा नंबर विचारला. मी उगीचच बाकीची रिळं लावायला लागले. त्यांनी स्वतःच रीळ उचलून वाचलं. सहावी जागा, आणि तारीख. त्या तारखेला दुपारी सहाव्या जागेवर चिमणीची पाळी होती.

चिमणी म्हणजे आमच्यातली सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत भराभर बोलणारी मुलगी. घाईत ती शब्द गिळायची, म्हणून तिच्याविरुद्ध आधी दोन तक्रारी झाल्या होत्या. दोन्ही वेळी बाईंनी तिला शिकाऊ मुलींच्या खोलीत बसवून परत सगळं घोकून घेतलं होतं, आणि दुसऱ्या वेळी बजावलं होतं की आता पुन्हा झालं तर बोर्ड सोडावा लागेल. बोर्ड सुटला की एक्सचेंजच्या चाळीतली खोली सुटणार. ती खोली तळमजल्यावर होती, आणि चिमणीच्या आईला जिना चढता येत नव्हता. बोर्ड गेला असता तर त्या दोघींनी जायचं कुठे, हा प्रश्नच होता.

बाईंनी सगळ्यांना जायला सांगून तिला थांबवून घेतलं. मी रिळं आवरत होते म्हणून मला ऐकू आलं. चिमणी म्हणाली, त्या वेळी मी जागेवर नव्हते. मग कोण होतं, असं बाईंनी विचारलं. चिमणीने तोंड उघडलं, मिटलं, आणि आठवत नाही म्हणाली. बाई म्हणाल्या की आठवण्यासाठी तुला आठवडा देते. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना वाईट वाटत होतं, आणि तेच जास्त अवघड होतं.

बाहेर आल्यावर आम्ही चिमणीला घेरलं. अगं, सांगून टाकायचं ना सरळ! ती म्हणाली, काय सांगू, बाई, त्या तुम्हीच होतात म्हणून? त्या दिवशी शेजारणीचा निरोप आला होता की आई पडली. बाईंनीच मला घरी पिटाळलं, स्वतः माझ्या खुर्चीवर बसल्या. आज मी त्यांच्याकडे बोट दाखवू? त्यापेक्षा खोली गेलेली परवडली. असं म्हणाली आणि लगेच रडायला लागली, कारण खोली गेलेली तिला मुळीच परवडणार नव्हती.

आमच्यात एक मावशी होत्या. बाईंच्याच वर्षी नोकरीला लागलेल्या, पण बढती नको म्हणून बोर्डावरच राहिलेल्या. त्या म्हणाल्या, कोणीतरी जाऊन सांगायला हवं, आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शिडी लांबूनही दिसते, हा तिचा तोटा.

मी दुसऱ्या दिवशी बाईंच्या केबिनमध्ये गेले. घसा साफ केला आणि म्हणाले, "बाई, त्या टेपमधला आवाज तुमचा आहे."

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं होतं त्या भडकतील. त्या हसल्या. "शिडी, मैत्रिणीसाठी खोटं बोलायचं तर बोल, पण जरा पटेल असं बोल."

"खोटं नाही बाई. सगळ्यांनी ओळखला."

"आणि मी नाही ओळखला? अगं, पन्नास वर्षं मी त्या आवाजाबरोबर राहतेय. तुम्ही किती वर्षं राहताय?"

याचं उत्तर मला आज सुचतं. पन्नास वर्षं त्या आवाजाच्या आत राहत होत्या. घराच्या आत राहणाऱ्याला घराची बाहेरची भिंत कधी दिसते? त्या वेळी बाईंनी मला बसवून घेतलं आणि समजावलं, की मी माणसांना कधीच असं तोडून बोलत नाही. मला माहीत आहे ना मी कशी बोलते. मी त्या म्हाताऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बोलले असते. हे सगळं त्या मनापासून म्हणत होत्या. बोर्डावर बसल्या की त्यांना लोकांची दया यायची, हे आम्हालाही ठाऊक होतं. फक्त ती दया तारेतून पलीकडे जात नव्हती.

पण मी तसं म्हणाले याचा परिणाम एक झाला. बाई न्यायी होत्या. मुली चिमणीला वाचवायला इतक्या धडपडतायत तर शहानिशा करू, असं त्यांनी ठरवलं. आठवड्याच्या शेवटी परत सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं की सगळ्यांनी तेच वाक्य टेपवर म्हणायचं, एकेकीने, चिमणीसकट. मग ओळीने ऐकू. जी असेल ती सापडेल. त्यांची एवढीच विनंती होती की कोणी मुद्दाम आवाज बदलू नये.

आम्ही एकेक करून मायक्रोफोनसमोर बसलो. "नंबर हातात घेऊन फोन करत जा. लाइन सोडते आहे." पाचसहा वेळा ऐकल्यावर वाक्याचा अर्थच नाहीसा झाला, नुसता पोपटांचा थवा. गोबरी मध्येच हसली म्हणून तिला परत म्हणावं लागलं. चिमणी इतक्या हळू म्हणाली की टेपरेकॉर्डरवरचा आवाजाचा काटा जेमतेम हलला. बाई प्रत्येकीनंतर मान हलवत होत्या. सगळ्यांचं झाल्यावर त्या म्हणाल्या, वाक्य वाईट नाही हे तुमच्या लक्षात येतंय का? म्हणण्यात फरक आहे. म्हाताऱ्या माणसाला हे कसं सांगायचं ते मी म्हणून दाखवते. शिडी, हेही टेप करून ठेव, नव्या मुलींना नमुना म्हणून उपयोगी पडेल.

मी बटण दाबलं. बाई पुढे झुकल्या. चेहऱ्यावर इतका जिव्हाळा होता, की मला पहिल्यांदा वाटलं, आपलंच तर चुकलं नसेल? त्या हसऱ्या तोंडाने ते वाक्य म्हणाल्या. चेहऱ्याकडे बघत ऐकलं तर खरोखरच प्रेमळ वाटत होतं.

मग मी रीळ मागे फिरवलं आणि लावलं. बाई डोळे मिटून बसल्या. मावशींचा आवाज आला, बाईंनी मान हलवली, नाही. माझा आला, नाही. गोबरीचा, नाही. चिमणीचा बारीकसा आला, तोही नाहीच. एकेक आवाज गेला. शेवटी थोडी खरखर झाली आणि आला: "नंबर हातात घेऊन फोन करत जा. लाइन सोडते आहे."

बाईंनी डोळे न उघडता हात वर केला.

"थांबव. हीच ती."

 खोलीत फक्त रीळ फिरत होतं, मी ते थांबवायचंच विसरले होते.

"कोण आहे ही?" बाईंनी विचारलं. "आता लपवू नका. एवढ्यांत एकच आवाज असा आहे. कोण ती?"

डोळे उघडून त्यांनी आमच्या ओळीवरून नजर फिरवली. एकेकीच्या चेहऱ्यावर थांबत, पुढे जात. हरवलेली वस्तू शोधणारा माणूस खोलीभर फिरवतो तशी. ती नजर ओळीच्या टोकाला पोचली आणि पुन्हा पहिल्या मुलीवर आली. मला तो क्षण अजून दिसतो. त्या खरंच शोधत होत्या, आणि त्या शोधत होत्या ती व्यक्ती सोडून बाकी सगळ्या त्यांच्या समोर होत्या.

मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, चिमणीच्या नंतर माइकवर कोण बोललं?"

"चिमणीच्या नंतर कोणी नाही. चिमणीच शेवटची. तिच्यानंतर मी फक्त नमुना..."

तिथे त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच झालं नाही. मग त्यांचा हात गळ्याशी गेला. दागिना तपासावा तसा त्यांनी गळा चाचपला.

 मग त्या मला म्हणाल्या, म्हाताऱ्याची टेप लाव. मी लावली. "जरा थांबा हं ताई, इथंच ठेवला होता." पडलेल्या वस्तूचा आवाज. श्वास. आणि ते वाक्य, आणि खट्. त्या दिवशी त्यांनी हीच टेप दोनदा ऐकली होती, त्यातल्या मुलीच्या चुका काढल्या होत्या, तिची कीवही केली होती. आज टेपमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं. पण "खट्" झालं तेव्हा त्या खुर्चीत अशा मागे सरकल्या, जसं कोणी त्यांनाच ढकललं.

"चिमणे, तू त्या दुपारी कुठे गेली होतीस?"

"आई पडली होती. तुम्हीच जा म्हणालात."

"हो," बाई म्हणाल्या. "मीच म्हणाले. आणि मी बसले तुझ्या जागेवर." मग बऱ्याच हळू, "त्या माणसाला मी तोडलं."

आम्हाला वाटलं आता त्या उठून जातील. त्या उठल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की मी नेहमीच अशी बोलते का?  शेवटी मावशींनीच तोंड उघडलं. त्या पहिल्यांदाच आमच्यासमोर बाईंना एकेरीत म्हणाल्या, "नेहमीच नाही गं. पण दमलीस की बोलतेस, आणि तू आताशा रोजच दमतेस."

चिमणीचा विषय तिथेच संपला. खोलीचं तर कोणी परत नावही काढलं नाही. पण बाईंनी आठवड्यापूर्वी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, की हा आवाज ज्या मुलीचा असेल तिला बोर्डापासून लांब शिकाऊ खोलीत बसावं लागेल. शब्द मागे घेणं त्यांना जमत नसे. सोमवारी सकाळी शिकाऊ खोलीत गेले, तर नव्या मुलींच्या बाकावर शेवटी बाई बसलेल्या, समोर खोटा बोर्ड, डोक्यावर हेडफोन. नव्या मुलींची तर दातखिळीच बसली होती. वरच्या साहेबांनी विचारलं तेव्हा बाईंनी त्यांना सरळ सांगितलं, की एक तक्रार आली आहे आणि ती माझ्याविरुद्ध आहे. साहेबांना वाटलं त्या थट्टा करतायत.

शिकवायचं काम त्या आठवड्यात माझ्याकडे होतं. मी पलीकडे बसून गिऱ्हाईक व्हायचे आणि बाई उत्तर द्यायच्या. मी सांगायचे, बाई, हे तुटक आलं. त्या म्हणायच्या, छे, मला तर गोड वाटलं. मी म्हणायचे, आतून गोड वाटतं, बाई. मग त्या परत म्हणायच्या, आणि परत तसंच यायचं. कधी कधी त्या वैतागायच्या आणि मलाच झापायच्या, मग एकदम थांबून विचारायच्या, "हे आत्ताचं कसं होतं?" मी म्हणायचे, हे आत्ताचं रागाचंच होतं आणि रागाचंच आलं, हे बरोबर जमलं. एकदा त्या यावर पोट धरून हसल्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आवाज फार सुधारला असं मी म्हणणार नाही. त्या वयात आवाज सुधारत नाही. एक गोष्ट मात्र त्या शिकल्या. आपण कशा बोललो हे आपल्याला कळलंय असं त्या गृहीत धरेनाशा झाल्या. बोर्डामागून चालताना मध्येच एखादीच्या खांद्यावर हात ठेवून विचारायच्या, मघाशी मी तुला बोलले ते लागलं का गं? सुरुवातीला आम्ही नाही म्हणायचो. पुढे पुढे खरं सांगायला लागलो.

आणि मिस्त्रीला त्यांनी सांगून ठेवलं की मी कधी बोर्डावर बसले की माझंही टेप करायचं, मला न कळवता. त्यामुळे आवाज ऐकायच्या दिवशी टेपमध्येही अधूनमधून बाई येऊ लागल्या. त्यांचा नियम त्यांनी मोडला नाही, त्याही स्वतःला "ती"च म्हणायच्या. पण प्रत्येक टेप संपली की त्या क्षणभर थांबायच्या, आणि त्यांचा चेहरा सावध व्हायचा, कारण कुठला आवाज आपला हे त्यांना शेवटपर्यंत खात्रीने ओळखता आलं नाही. वाईट टेप लागली की त्या माझ्याकडे बघायच्या, ही मीच ना, अशा नजरेने. बहुतेक वेळा त्या नसायच्या.

मग काही वर्षांनी आला मी तिथली नोकरी सोडायच्या आधीचा शेवटचा आवाज ऐकायचा दिवस. माझं लग्न ठरलं होतं, मी दुसऱ्या गावी जाणार होते. त्या दिवशी एक टेप लागली. एक बाई फोनवर रडत होती, तिला नंबर सांगता येत नव्हता. आमच्या बाजूची मुलगी घाई करत नव्हती. ती म्हणाली, "मी आहे इथे. तुमचं झालं की सांगा." आणि खरंच थांबली. बराच वेळ टेपवर नुसतं पलीकडचं रडणं ऐकू येत होतं, आणि मधूनमधून तिचं "हं." मग नंबर आला आणि तिने फोन लावून दिला.

टेप संपली.  बाईंनी माझ्याकडे बघितलं. आणि अगदी हळू, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनी मला विचारलं, "ही मी आहे का गं?"

ती चिमणी होती. एवढ्या वर्षांत तिने शब्द गिळणं सोडलं होतं, आणि आवाज खाली आणला होता. आम्हाला सगळ्यांना ते ओळखू आलं. बाईंना आलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत आशा होती. हो म्हणणं सोपं होतं. मी जाणारच होते, मला परत कोणी विचारायला येणार नव्हतं.

"नाही, बाई," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली.  मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की ती फार चांगली बोलली, तिच्याकडून शिकण्यासारखं आहे, माझ्यासकट सगळ्यांनी. चिमणी खाली मान घालून बसली होती, आणि नियमाप्रमाणे तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

"पुढची लाव, शिडी," बाई म्हणाल्या.